मी एकशे वीसच्या वर होतो

मी मोजखांब बोलतोय. पाणथळीच्या काठापासून वीस पावलांवर, पाण्यात उभा असायचो, तो मी. लोखंडाचा खांब, त्यावर एनॅमलची पांढरी पट्टी, पट्टीवर शून्यापासून दोनशेपर्यंत काळे आकडे.

उद्या मला काचेच्या मागे ठेवणार आहेत. माझ्याबरोबर लावायची पाटी आत्ता शेजारीच भिंतीला टेकून उभी आहे, उलटी. उलटं वाचायची मला सवय आहे. पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब वाचण्यात माझी वर्षं गेली. पाटीवर लिहिलंय : 'या पाणथळीचा पहिला मोजखांब. याच्या अचूक नोंदींच्या आधारे सात देशांनी मिळून हे पाणी राखले.'

'अचूक' हा शब्द मी तीनदा वाचला. तिन्ही वेळा खाली बघावंसं वाटलं. म्हणून बोलतोय. उशीर झालाय, हे मला कळतं. पण वेळेवर बोलणं मला आयुष्यात जमलं नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापायचे, त्यावर पांढरा लेप द्यायचे, भट्टीत भाजायचे, मग आकडे उमटवून पुन्हा भाजायचे. आकडे उमटवायला एक चष्मेवाल्या बाई होत्या. माझा सत्तरचा सात त्यांच्या हातून किंचित कलला. मुकादम म्हणाला, "बाई, हा सात वाकडा आहे."

"वाकडा नाही हो, नम्र आहे," बाई म्हणाल्या, आणि मला भट्टीत सरकवलं.

त्या साताची मला फार लाज वाटायची. कुणी दुर्बिणीतून माझ्याकडे बघितलं की वाटायचं, याला आता सात दिसणार. माझ्यात दोष असलाच तर तो एवढाच, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. काळजी करणारे लोक बहुतेक चुकीच्याच गोष्टीची काळजी करतात. निदान माझं तरी तसं झालं.

आम्ही एकूण बारा भावंडं. एकाच मागणीतून बनलेली, सात देशांत वाटली गेलेली. कारण होते चमचे. भांड्यातले नव्हेत, लांब, टोकाशी चपट्या चोचीचे पांढरे पक्षी. ते इथे बेटावर वेताच्या गचपणात अंडी घालतात, पिल्लं मोठी करतात आणि थंडीत तीन देश ओलांडून उबेला जातात. वाटेत जिथे जिथे उतरतात तिथलं पाणी टिकलं पाहिजे. एकाने टिकवून उपयोग नाही, हे सात सरकारांना पटलं. असं पटायला अकरा वर्षं लागली, असं साहेब म्हणायचे. साहेब म्हणजे इथल्या प्रकल्पाचे शास्त्रज्ञ. हुशार माणूस. माझ्यावर त्यांचा फार विश्वास.

मला पाण्यात रोवलं त्या दिवशी सातही देशांचे प्रतिनिधी काठावर खुर्च्या टाकून बसले होते. भाषण चालू असताना एका जाड्या पाहुण्यांची खुर्ची गाळात रुतायला लागली. ते उठायला बघत होते, तर होडीवाले काका म्हणाले, "बसा, बसा. आमची जमीन पाहुण्याला लवकर सोडत नाही." सगळे हसले. मीही हसलो असेन. त्या गाळाचा स्वभाव त्यांनी तेव्हाच सांगितला होता, माझ्या लक्षात आला नाही.

करार साधा होता. इथलं पाणी वरच्या देशातल्या धरणातून येतं. पिल्लं घरट्यात असताना माझ्यावरचा आकडा सलग तीन दिवस एकशे वीसच्या खाली गेला, तर वरच्या देशाने धरणाचं दार उघडून पाणी सोडायचं. एकशे वीसच का? कारण पाणी त्याच्या फार खाली गेलं की बेटाभोवतीचा पाण्याचा वेढा तुटतो आणि काठावरून कुणीही चालत बेटावर जाऊ शकतं. कुणीही म्हणजे माणसं नव्हेत. कुत्री.

माझा आकडा वाचायचं काम ताईचं. तिच्या आधी तिचे वडील ते करायचे, तेही मी येण्यापूर्वी, घाटाच्या पायऱ्यांवरून. "तिसरी पायरी भिजलेली असली की बेट सुखरूप," हे त्यांचं गणित. मला रोवलं तेव्हा त्यांनी मुद्दाम ताडून पाहिलं. पाणी तिसऱ्या पायरीच्या काठाला टेकलं तेव्हा माझ्यावर बरोबर एकशे वीस होते. "शिकलेला दिसतो," असं माझ्याकडे बघून म्हणाले आणि वही ताईच्या हाती दिली.

ताई रोज सकाळी काठावर यायची, दुर्बीण डोळ्याला लावायची, आकडा वहीत लिहून सही करायची आणि वरच्या धरणावर फोन लावायची. तिथे दार उघडण्या-मिटण्याचं काम करणारा एक माणूस होता. त्याला ती दादा म्हणायची. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, आकडा बोल."

"एकशे सत्तेचाळीस."

"किती?"

"एकशे सत्तेचाळीस! दादा, कानांत मळ भरलाय का?"

"मळ नाही गं, पाणी. धरणावर बसतो मी."

एवढंच बोलणं, पण रोजचं. मला ते ऐकायला आवडायचं. दोन देशांच्या मधली गोष्ट माझ्या अंगावरून जाते, याचा मला अभिमान होता. अभिमान हा शब्द आता उच्चारायला नको वाटतो, पण होता.

पाचव्या वर्षी घाटाशेजारी पाहुण्यांसाठी निरीक्षण चौथरा बांधला. तिथल्या दगडी कठड्यात पितळेची एक खीळ होती. माझी उंची त्या खिळीवरून ठरवलेली. मी कधी हललो, तर खिळीपासून मोजून मला पुन्हा जागेवर आणायचं, असा नियम. चौथऱ्याचं काँक्रीट त्या खिळीवरच ओतलं गेलं. पाणथळ नीट बघता यावी म्हणून बांधलेल्या चौथऱ्याने तिची खूण गाडून टाकली, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

महिन्याभरात मोठं वादळ झालं. वेताचा उपटलेला एक आख्खा ताफा वाहत आला आणि माझ्यावर आदळला. मी आडवा झालो. दोन दिवसांनी एक तंत्रज्ञ आला.

"खीळ कुठंय?" त्याने ताईला विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी," ताई म्हणाली.

त्याने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "परवा सातही देशांचं पाहणी पथक येतंय. खांब सरळ आणि स्वच्छ दिसला पाहिजे. उंची नंतर पडताळू."

त्याने मला उभं केलं आणि डोक्यावर घण घातले. वादळाने गाळ भुसभुशीत झाला होता. मी खाली गेलो. आणखी खाली गेलो. पक्का बसलो तेव्हा पहिल्यापेक्षा एकतीस सेंटीमीटर खोल होतो. आता हे नीट सांगायला हवं : खांब जेवढा खाली जातो, तेवढं पाणी त्याच्यावर वर चढलेलं दिसतं. पाणी होतं तेवढंच होतं. मी मात्र एकतीस जास्त सांगू लागलो.

ताईने दुसऱ्या दिवशी आकडा वाचला आणि म्हणाली, "बापरे, किती चढलं!" काका म्हणाले, "वादळाचं पाणी." पटण्यासारखंच होतं. तंत्रज्ञाने वहीत 'उंचीची पडताळणी करणे आहे' असं लिहिलं. ते वाक्य पुढे दोन वर्षं तसंच होतं. मी वाट बघत होतो, असं म्हणायचा मोह होतो. पण खरं सांगायचं तर मी विसरलो होतो. पाहणी पथकाने माझा फोटो काढला. सात कुणाच्या डोळ्यांत आला नाही, याच आनंदात मी होतो.

पहिलं वर्ष पाणी भरपूर होतं, म्हणून खोटं खपून गेलं. दुसऱ्या वर्षी उन्हाळा कडक पडला. बेटावर दोनशेच्या वर घरटी होती. पिल्लं अंगाने मोठी झाली होती, पण पंख यायचे होते.

एका सकाळी ताई घाटावर थांबली. दुर्बीण न लावता पायऱ्यांकडे बघत राहिली. मग काकांना हाक मारली. काका तिचे चुलते.

"काका, तिसरी पायरी कोरडी आहे."

"मग?"

"खांब एकशे बेचाळीस दाखवतोय."

काकांनी पायरीवर अनवाणी पाय ठेवून पाहिला, जसा काही पायाने आकडा वाचता येतो. "तुझा बाप असता तर खांबाला शिव्या घातल्या असत्या," ते म्हणाले.

ताईने साहेबांना गाठलं. साहेबांनी तिचं ऐकून घेतलं. ऐकून न घेणारा माणूस नव्हता तो. मग म्हणाले, "ताई, चौथऱ्याच्या कामात घाटाचे दगड काढून पुन्हा बसवलेत. पायरी वर आली असेल."

"पायऱ्या वर येतात का साहेब?"

"रचताना येऊ शकतात. खांब कारखान्यात बनलाय, पायरी गवंड्याने बसवलीय. तूच सांग, कुणावर विश्वास ठेवू?"

काका मागून पुटपुटले, "पायऱ्याच वर चढायला लागल्या, तर माणसांनी काय उतरावं?" साहेब हसले. ताई नाही हसली.

त्याच दुपारी ती एकटी पाण्यात शिरली, साडी खोचून, माझ्यापर्यंत आली. दोन्ही हातांनी मला धरलं आणि हलवलं. पुन्हा हलवलं. हीच ती वेळ. मी जरा कललो असतो, थोडा खिळखिळा निघालो असतो, तर तिने आरडाओरडा केला असता, कुणाला तरी बोलावलं असतं. पण मी पाय गाळात घट्ट रोवून उभा राहिलो. मला वाटलं, हलणं म्हणजे कमीपणा. खांबाने हलू नये, एवढंच मला शिकवलेलं. तिने हात सोडले. "पक्का आहे," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिचा आवाज पडलेला होता.

आजही कुणी मला भक्कम म्हटलं की मला ती दुपार आठवते.

नंतरचे काठावरचे फोन मी पाण्यात उभ्या उभ्या ऐकले.

"एकशे पस्तीस, दादा."

"ताई, तुझा आवाज असा का?"

"पाणी नाहीये रे दादा. डोळ्यांना दिसतंय. आकडा मात्र आहे."

पलीकडे दादाने आवाज खाली आणला. "हे बघ," म्हणाला, "तीन दिवस एकशे वीसच्या खालचा आकडा दे. मी दार उघडतो. मला फक्त कागद लागतो. तू काय बघितलंस, हे विचारायला इथे कुणी येणार नाही."

ताई वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. पेन उघडलं, बंद केलं. तीन खोट्या आकड्यांनी ती बेट वाचवू शकली असती. मग तिने दुर्बीण पुन्हा लावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकशे पस्तीसच दिसतंय रे. नसलेलं कसं लिहू?"

ती खरं लिहीत होती. खोटं माझं होतं. तिच्या सहीखाली ते रोज जात होतं.

कुत्री आली तेव्हा माझ्यावर एकशे सव्वीस होते. तीन कुत्री, गावाच्या उकिरड्यावरची, रोजची ओळखीची. त्यातल्या एकाला काका राजा म्हणायचे. काठावरून निघाली आणि शेपटी ओली न करता बेटावर पोचली. ताई ओरडत धावली. काकांनी होडी ढकलली, पण तिला तरंगायला पाणीच नव्हतं. चार हातांवर रुतली. ताई गाळात मांड्यांपर्यंत अडकली. मोठे पक्षी उडाले आणि वर घिरट्या घालत राहिले. पिल्लांना उडता येत नव्हतं. मला डोळे मिटता येत नाहीत.

पाच दिवस कुत्री येत-जात राहिली. त्यानंतर आठवड्याने माझ्यावर एकशे एकोणीस आले. एक दिवस, दोन दिवस, तीन. कराराप्रमाणे वरच्या देशाने त्याच संध्याकाळी दार उघडलं. पाणी आलं, फार छान आलं, बेटाला चारी बाजूंनी वेढा घालून उभं राहिलं. आत रिकामी घरटी होती.

त्या वर्षीच्या सात देशांच्या अहवालात एक ओळ छापून आली : 'पिल्ले घरट्यात असेपर्यंत पाण्याची पातळी मर्यादेच्या वर होती. पिल्लांचा नाश भटक्या कुत्र्यांमुळे. स्थानिक देखरेखीत हलगर्जी.' देखरेख म्हणजे ताई. तिला लेखी खुलासा मागितला. पुढच्या हंगामात तिच्या जागी दुसरं कुणी नेमावं का, यावर पत्रव्यवहार सुरू झाला. पुरावा म्हणून जोडला होता मी. माझे सगळे आकडे, ओळीने, सुवाच्य अक्षरात.

ताईने फोनवर दादाशी चेष्टा करणं सोडलं. आकडा सांगायची आणि ठेवून द्यायची. एकदा तो म्हणाला, "तेव्हा खोटं बोलली असतीस तर—" ती म्हणाली, "तेव्हा बोलले असते, तर आज मला कुणी खरं मानलं असतं का?" आणि फोन ठेवला.

खीळ सापडली ती काकांमुळे, आणि तीही डब्यामुळे. थंडीच्या दिवसांत ते कठड्यावर जेवायला बसले आणि डबा अडकवायला हात मागे नेला. तिथे काँक्रीट.

"अगं," ते ताईला म्हणाले, "इथे पितळेची एक खीळ होती. तुझ्या बापाच्या देखत मी तिला डबा अडकवायचो. तो मला ओरडायचा, सरकारी खीळ आहे, म्हणून."

ताई जेवता जेवता थांबली. हात न धुताच उठली.

छिन्नी आणि हातोडी घेऊन दोघांनी चौथऱ्याची कड फोडली. दोन दिवस लागले. खीळ निघाली, हिरवी पडलेली. मग गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी त्यांनी आणली. एक टोक काकांनी खिळीपाशी धरलं, दुसरं ताईने माझ्या अंगाला लावलं. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर उभं राहतं; त्याला भट्टी नाही, कारखाना नाही. ताईने माझ्यावरचा आकडा वाचला, मला पहिल्यांदा रोवलं तेव्हाचा खिळीच्या उंचीचा आकडा वहीतून वाचला, वजाबाकी केली. पुन्हा केली.

"एकतीस," ती म्हणाली.

साहेब संध्याकाळी आले. नळी स्वतः धरून पाहिली. मग तिसऱ्या पायरीवर बसले, चष्मा काढला आणि हातात फिरवत राहिले. "ताई, त्या अहवालावर माझी सही आहे," म्हणाले.

"माझी पण आहे साहेब," ताई म्हणाली. "रोज सकाळची."

साहेबांनी त्या रात्रीच सातही देशांना पत्र लिहिलं. पाणी आटलं होतं, आम्ही ते असल्याचं सांगितलं. चूक आमची आहे, नोंद ठेवणारीची नाही, असं स्पष्ट लिहिलं. पत्र मिळाल्यावर बाकी देशांनीही आपापले खांब तपासले. माझ्या अकरा भावंडांपैकी दोघं खचलेली निघाली. त्यांच्याकडेही पक्षी मेले असतील, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

मला उपटलं. नवा खांब आला, त्याची उंची खिळीवरून दर महिन्याला पडताळतात. मी काकांच्या पडवीत आडवा पडून राहिलो. ते माझ्यावर जाळी वाळत घालायचे. तिथे बरं वाटायचं. आडव्या खांबाला कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या वर्षी बेटावर चौदा घरटी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. पाणी उतरलं तेव्हा मी पडवीतून ताईचा फोन ऐकला.

"एकशे अठरा, दादा. तिसरा दिवस. आणि पायरी कोरडी."

"पायरी कागदावर कुठे लिहू?"

"आकड्याच्या खाली लिही."

"तिथे रकाना नाही गं."

"मग रेघ मार आणि लिही! हात मोडलेत का?"

"झाली, चेष्टा सुरू झाली," तो म्हणाला. "थांब, दार उघडतो." आणि फोन चालू ठेवूनच तो दाराकडे गेला असावा, कारण ताईने फोन लांब धरला तेव्हा त्यातून पाण्याचा आवाज येत होता.

इथवर आणून मला थांबायला आवडलं असतं. पण आता करार होऊन पंधरा वर्षं झाली, समारंभ आहे, आणि साहेबांच्या जागी आलेल्या नव्या लोकांना 'पहिला मोजखांब' हवा होता. पडवीतून मला उचललं आणि माहिती केंद्राच्या या खोलीत आणून ठेवलं. पाटी कुणी लिहिली ते माहीत नाही. त्यांना ठाऊक नसेल. काचेच्या आत गेल्यावर मला तेवढंही बोलता येणार नाही, जेवढं आत्ता बोलतोय.

आज दुपारी सुतार मला घासायला बसला. ओल्या फडक्याने पट्टी पुसली. माझा सात लख्ख झाला. खाली गाळाचे डाग होते, त्यावर त्याने पॉलिश पेपर धरला, तेवढ्यात ताई आली. केस पांढरे झालेत तिचे. तिने पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी जर वळू शकलो असतो तर वळलो असतो.

"ते डाग काढू नकोस," ती सुताराला म्हणाली.

"घाण दिसतंय ना ताई. पाहुणे येणारेत."

"दोन रेषा आहेत बघ गाळाच्या. खालची पहिल्यांदा रोवला तेव्हाची, वरची दुसऱ्यांदा. खालची कुठे आहे?"

सुतार वाकला. "दहावर."

"वरची?"

"एक्केचाळीसवर."

"मधलं अंतर किती?"

"एकतीस," सुतार म्हणाला, आणि ताईच्या तोंडाकडे बघत राहिला.

इतकी वर्षं तो आकडा माझ्याच अंगावर होता. पाण्याखाली होता, म्हणून कुणी वाचला नाही. पडवीत होता, जाळ्यांखाली होता. मी आयुष्यात सांगितलेला हा पहिलाच आकडा, ज्याची मला खात्री आहे.

ताईने सुताराच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि पाटीवरच्या 'अचूक' या शब्दावर रेघ मारली. वर काय लिहावं, हे तिला अजून सुचलेलं नाही. पेन्सिल हातात धरून ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आहे. काहीही लिही ताई. फक्त ते दोन डाग राहू दे.